बहात्तर वार धावदोरा

सुईला नंबर असतात हे मला वयाच्या ६१व्या वर्षी कळलं. तेही रविवार पेठेतल्या एका मॅचिंग सेंटरमध्ये, पंधरा-सोळा बायकांच्या साक्षीनं.

मॅचिंग सेंटरमध्ये पुरुष दोनच कारणांनी दिसतो. एकतर तो तिथं नोकरीला असतो, नाहीतर त्याला बायकोनं पाठवलेलं असतं. त्यामुळे मी काउंटरशी पोचताच आतल्या पोरानं हात पुढे केला, "द्या."

"काय देऊ?"

"काकूंनी तुकडा दिला असेल ना, रंग लावून बघायला?"

"काकूंनी काही दिलेलं नाही. मला सुई पाहिजे. माझ्यासाठी."

हे 'माझ्यासाठी' जरा मोठ्यानं गेलं. अस्तराच्या ताग्यांत बुडालेल्या दोघी-तिघी वर आल्या. पोरगा म्हणाला, "कितवा नंबर?"

आता, ३४ वर्षं बँकेच्या तपासणी खात्यात काढलेल्या माणसाच्या तोंडून 'माहीत नाही' निघत नाही. ते समोरच्यानं म्हणायचं असतं. मी मनातल्या मनात ताळा केला. चपलेचा नंबर वाढला की चप्पल मोठी, शर्टाचा वाढला की शर्ट मोठा. मला डोळ्यांना लांबूनही दिसेल अशी भक्कम सुई हवी होती. "सगळ्यांत मोठा नंबर द्या," मी म्हणालो.

"दहा?"

"दहाच."

पोरानं एकदा माझ्या चष्म्याकडं पाहिलं, एकदा माझ्या बोटांकडं पाहिलं, आणि दहा सुयांचं पाकीट पुढं सरकवलं. हातशिवणीच्या सुईचा नंबर जसा चढत जातो तशी सुई बारीक होत जाते, हे ज्ञान मला घरी पाकीट उघडल्यावर झालं. आत पापणीचे दहा केस होते. त्यांना नेढं असणार हे मी श्रद्धेनं मानलं. ते कुठल्या टोकाला आहे हे ठरवण्यात दहा मिनिटं गेली. बोटाला टोचेल ते दुसरं टोक, ही पद्धत शेवटी सापडली.

हे सगळं कशासाठी, तर दुपट्यासाठी.

मुलीला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण, म्हणून ती माहेरी आली होती. त्या सुमारास आम्ही दोघं एका मंगल कार्यालयात भरलेल्या प्रदर्शनाला गेलो. पापड, कुरडया, मेतकूट, कोल्हापुरी मसाला असं करत करत एका टेबलापाशी आलो, तर तिथं कापडाचा एक चौकोन काचेच्या पेटीत ठेवावा तसा टांगलेला. त्याला म्हणे हँडमेड बेबी क्विल्ट म्हणायचं. किंमत २८०० रुपये. मी तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, उजेडासमोर धरला. दुपटं होतं. माझ्या लहानपणी घरोघरी डझनानं असायची, दोरीवर वाळत पडलेली असायची, आणि ज्यांची किंमत विचारायची कोणाला बुद्धी झाली नसती, तसलं दुपटं.

"यात आहे काय?" मी परतताना रिक्षात म्हणालो. "वर एक फडकं, खाली एक फडकं, मध्ये एक फडकं आणि त्यांच्यातून धावदोरा."

बायको काही बोलली नाही. 'यात आहे काय' हे तीन शब्द तिनं आमच्या संसारात बऱ्याचदा ऐकलेत. एकदा कामट्या आणून घरी आकाशकंदील केला होता तेव्हा ऐकले. त्या कंदिलाला सहा बाजू होत्या आणि सहाही वेगवेगळ्या मापाच्या होत्या. एकदा सुतळीच्या गाठी मारून कुंडी टांगायचं शिंकाळं केलं तेव्हा ऐकले. ती कुंडी तळमजल्यावरच्यांनी परत आणून दिली, वेगवेगळ्या तुकड्यांत. माझ्या हातांबद्दल माझं मत नेहमीच चांगलं होतं. शाळेत टकळीवर सूत काढायच्या तासाला आमच्या गुरुजींनी माझं सूत वर्गात फिरवलं होतं. 'असं काढू नये' हे दाखवायला फिरवलं होतं, पण फिरवलं होतं.

खरी चूक मात्र रात्री झाली. जेवण झाल्यावर मी घरातल्यांच्या व्हॉट्सॲपवर लिहून मोकळा झालो: 'होणाऱ्या नातवंडासाठी आजोबा स्वतः दुपटं शिवणार. पणजीच्या लुगड्याचं.' सकाळपर्यंत त्याखाली अंगठे, हात जोडलेले, डोळ्यांत पाणी आलेले असे सगळे पिवळे चेहरे जमले. आता माघार नव्हती. ताईनं तेवढं एकच वाक्य लिहिलं होतं: 'आईच्या ट्रंकेला हात लावायच्या आधी मला फोन कर.'

शिवण्यापूर्वी मी अभ्यास केला. दोन रात्री फोनवर व्हिडिओ बघून मला कळलं की आपण ज्याला धावदोरा म्हणतो त्याच्यावर अर्धं जग अंथरुणाला खिळलेलं आहे. बंगाली बायका जुन्या साड्यांचे थर धावदोऱ्यानं जोडतात आणि त्याला कांथा म्हणतात. उत्तर कन्नडातले सिद्दी, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, ते चिंध्यांची कवंदी शिवतात. जपानात शेतकऱ्यांच्या आणि कोळ्यांच्या बायका थंडी अडवायला कपड्यावर कपडा ठेवून शिवत, ते साशिको. हे सगळं मी सकाळी चहाबरोबर बायकोला सांगितलं. तिनं बिस्कीट बुडवलं, काढलं, खाल्लं आणि विचारलं, "आणि तुम्हाला येतो का?"

"काय?"

"धावदोरा."

मग तीच म्हणाली की सोसायटीच्या मागं एक बाई गोधड्या शिवायला बसते, तिला दिलं तर चार दिवसांत चारशे रुपयांत दुपटं हातात. तिचा टाका कसा बघा, मोजून घ्यावा. मी म्हणालो, प्रश्न पैशांचा नाही. २८०० रुपयांवरून सुरू झालेली गोष्ट दोन दिवसांत पैशांची उरली नव्हती हे खरंच होतं; ती कशाची झाली होती ते मात्र मलाही सांगता आलं नसतं.

ताईला फोन झाला. मावशीला झाला. मावशी ८२ वर्षांची, कोथरुडात असते, आणि आईच्या पिढीतलं आता तेवढंच माणूस शिल्लक. ट्रंक उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर झाला. त्याखाली आईचं सुती नऊवारी, धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं की हातात धरलं तर धरलंय की नाही ते कळेना. मूळचा रंग अंजिरी असावा. आता तो रंग नुसता काठाजवळ होता; बाकी लुगडं रंगाची आठवण काढत होतं. मध्ये घालायला बाबांचं धोतर निघालं. म्हणजे वर आई, खाली आई आणि मध्ये बाबा. हयातीतही घरात साधारण हीच मांडणी होती.

मी पट्टी घेतली, पेन्सिल घेतली, डायनिंग टेबलावर लुगडं पसरून ३६ इंचांचा चौरस आखला, कोन मोजले, कर्ण मोजले आणि कात्री चालवली. चौरस उचलला तर तो चौरस नव्हता. एक बाजू पाऊण इंच लांब, एक कोपरा लुळा. दुसरा कापला. तो वेगळ्याच दिशेनं चुकला. मावशीला फोन लावला.

"कापलंस?" ती किंचाळलीच. "अरे गाढवा, सुती कापड कापतात का? कडेला कात्रीनं एक चीर द्यायची आणि टरकावायचं. ते त्याच्या धाग्यानं जातं सरळ. तुझ्या पेन्सिलीला कोण विचारतंय?"

मी चीर दिली, दोन्ही हातांनी धरलं, डोळे मिटले आणि ओढलं. 'टर्र' असा लांबच्या लांब आवाज झाला. आईचं लुगडं फाडल्याचा तो आवाज ऐकून बायको स्वयंपाकघरातून धावत आली. पण कड पट्टीनं आखल्यासारखी सरळ निघाली होती. मी दोनदा पट्टी लावून पाहिली.

पुढं मी जे केलं ते कुठल्याही शिवणाऱ्या बाईनं केलं नसतं. मी हिशेब मांडला. ३६ इंचांचं दुपटं, दर अर्ध्या इंचाला एक ओळ, म्हणजे ओळी ७२. बहात्तर गुणिले छत्तीस, २५९२ इंच. भागिले ३६, बरोब्बर ७२ वार. एवढ्याशा दुपट्यात आठ नऊवारी लुगडी एकापुढं एक अंथरावीत इतकी लांब शिवण! इंचाला पाच टाके धरले तर १२,९६० टाके. मिनिटाला सहा टाके, दिवसाला दोन तास. १८ दिवसांत काम फत्ते. एक जाड रजिस्टर होतंच घरात. त्यात रकाने पाडले: दिनांक, ओळ क्रमांक, टाके, टोचण्या, शेरा. प्रारंभीची शिल्लक: सुया १०, रीळ १.

पहिल्या ओळीला ५५ मिनिटं लागली. टोचण्या ११. रजिस्टरमधले पहिल्या आठवड्यातले शेरे मी जसेच्या तसे देतो. 'ओळ ३ सुरुवातीला बरी, पुढे चढण.' 'ओळ ५ मध्ये खालचा थर आलाच नाही.' 'ओळ ८ ही ओळ ९ ला विसाव्या इंचावर भेटली.' 'अंगुस्तान आणले. बोटात बसत नाही. बायकोचे आहे.'

इथं अनुभवी वाचक मनात म्हणेल की आता हा गृहस्थ दुपटं लेंग्याला शिवणार. नाही. विनोदी लेख मीही वाचलेले आहेत. त्यासाठीच मी मांडीवर पोळपाट ठेवून शिवत होतो. लेंगा शाबूत राहिला. सुयांची टोकं पोळपाटावर आपटून बोथट होत होती आणि पोळ्या लाटताना बायकोला पोळपाटावर अनोळखी ठिपके दिसत होते, ते सोडा.

व्हायचं ते निराळंच होत होतं. विसाव्या ओळीनंतर मला दुपटं जमिनीवर सपाट ठेवता येईना. मध्यभाग खाली बसला की कडा उठायच्या. कडा दाबल्या की पोट वर यायचं. मी पट्टी लावली. ३६ इंचांचं ३१ झालं होतं. बायकोनं ते उचललं, फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "झाकण पण करणार आहात का?"

मावशीला रिक्षानं आणलं. तिनं ती टोपली मांडीवर घेतली, चष्मा कपाळावर ढकलला (ती शिवणाचं बोटांनी बघते) आणि एका टाक्याखाली नख घातलं. नख जाईना.

"दोरा ओढतोस कशाला एवढा?"

"घट्ट बसावा म्हणून."

"टाका घालायचा असतो रे, फास नाही. दोन वीत शिवलं की हातानं कापड मागं सारायचं, दोऱ्याला सैल होऊ द्यायचं. आणि आधी कच्चा दोरा घातला होतास ना? चारी बाजूंनी, मधून आडवा-उभा?"

मी गप्प. कच्च्या दोऱ्याचं व्हिडिओतही सांगितलं होतं. पण शेवटी उसवूनच टाकायचा तर घालायचा कशाला, असा विचार करून मी तो टप्पा वगळला होता. एक टप्पा वगळला म्हणून मी शाखाधिकाऱ्यांचे मेमो काढलेत. एका गृहस्थांची वेतनवाढ अडवली आहे. ते हल्ली कुठं असतात कोण जाणे. भेटले तर हात धरून क्षमा मागावी असं त्या दुपारी फार वाटलं.

"आता?" मी विचारलं.

"आता काय. उसव."

शिवणं मला येत नव्हतं, पण उसवण्यात मी तरबेज निघालो. कुणाचं काम उलगडून चुका दाखवायच्या हा तर माझा पेशाच. दाढीचं अर्धं पातं घेऊन दिवसाला सहा-सहा ओळी उडवू लागलो. चौथ्या दिवशी शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या. पातं टाक्याखाली सारलं आणि हात थांबला. हे टाके माझे नव्हते. कसं कळलं? सरळ होते.

लुगड्याच्या आडव्या रुंदीत, या काठापासून त्या काठापर्यंत, एक शिवण गेलेली होती. दोरा कापडाच्याच रंगाचा, त्यामुळे इतके दिवस दिसली नव्हती. मी तर तिच्यावरूनच माझे डोंगर-दऱ्या शिवत गेलो होतो. भिंग आणलं. इंचपट्टी ठेवली. इंचाला बारा टाके. दुसरीकडं मोजले, बारा. काठाजवळ, जिथं कापड जाड होतं आणि हात कुणाचाही अडखळेल, तिथं अकरा.

मावशीला फोन केला. "दंड घातलाय तो," ती म्हणाली. तिच्या आवाजात काही विशेष नव्हतं, कोणत्याही लुगड्याबद्दल बोलावं तशी ती बोलत होती. लुगडं बसण्याउठण्यात मधोमध विरतं. मग तेवढा विरलेला भाग काढून टाकायचा, धडके दोन तुकडे एकमेकांना जोडायचे, आणि जोड निऱ्यांत दडेल असं नेसायचं. तो दंड. "बहात्तर सालचा असेल तो. दुष्काळ. तुम्ही दहिवडीला होतात ना तेव्हा? मिलोच्या लाल भाकऱ्या खायचे दिवस. त्या दिवाळीला कुणालाच काही झालं नाही. तुला तेवढी चड्डी झाली."

चड्डी मला आठवत होती. खाकी, दोन खिशांची. मी आठ वर्षांचा होतो आणि वाडीतल्या पोरांना ती चड्डी दाखवायला दिवसभर हिंडलो होतो. आई कंदिलापाशी बसून शिवत असायची तेही आठवत होतं, पण ती काय शिवते हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. आई शिवतेच, एवढंच माहीत होतं. मी पातं बाजूला ठेवलं. रजिस्टरमध्ये त्या दिवसाची नोंद आहे: 'जुनी शिवण आढळली. लांबी ३६ इंच. तपासली. त्रुटी नाही.' ३४ वर्षांत असा शेरा मी कुठल्याच शाखेला दिला नव्हता.

दंड तसाच ठेवायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी शिवायचं असं ठरलं. मावशीनं स्वतः बसून माझ्याकडून कच्चा दोरा घालून घेतला. सुयांचा नंबरही बदलला. तिनं पिशवीतून सात नंबरच्या काढून दिल्या, पाकिटासकट, पुन्हा दहा. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंता, हे सांगितलं. दोऱ्यावरून मेणाचा खडा फिरवायला सांगितलं. मेण लावलेला दोरा तीन थरांतून जाताना एक बारीक 'सुर्र' असा आवाज होतो. मी तो कधी ऐकला नव्हता. चार-पाच टाके सुईवर घ्यायचे, सुई पुढं काढायची, सुर्र, मग तळव्यानं कापड मागं सारायचं. पुन्हा.

दुपारी दोन ते चार ही वेळ ठरून गेली. निवृत्त झाल्यापासून ही वेळ मला खायला उठायची. टीव्हीवर चारजण एकमेकांवर ओरडत असायचे आणि मी त्यांच्यावर. आता टीव्ही बंद. विविधभारती हळू आवाजात. गॅलरीच्या दारातून उन्हाची एक पट्टी यायची, ती माझं शिवून होईपर्यंत सोफ्यापर्यंत सरकायची. बायको समोर मटार सोलायला बसायची, मुलगी पाय लांब करून पडून असायची. कुणी काही बोलायचं नाही. मध्येच मुलगी म्हणायची, "बाबा, तुझी जीभ बाहेर आलीये." मी जीभ आत घ्यायचो. पाच टाक्यांनी ती परत बाहेर. एकदा सुईत दोरा पहिल्याच खेपेला गेला तेव्हा मी उठून उभाच राहिलो. दोघींनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी रात्री मला शांत झोप लागली, आणि झोपेतही ओळी दिसत होत्या, बऱ्यापैकी सरळ.

रजिस्टरमधले शेरे आखूड होत गेले. टोचण्या ४. टोचण्या २. टोचण्या निरंक. मग एके दिवशी पाहिलं तर आठवडाभर मी काही लिहिलेलंच नव्हतं.

आणि म्हणूनच घोटाळा झाला.

बहात्तरावी ओळ संपली, गाठ मारली, दोरा तोडला. हिशेब बंद करायचा म्हणून साठा मोजला. सुया नऊ. पुन्हा मोजल्या. नऊ. रोखीत रुपया कमी आला तर रुपया खिशातून भरता येतो. इथं प्रश्न असा होता की दहावी सुई कुठं आहे, आणि उत्तर असं असू शकत होतं की ती दुपट्यात आहे. तीन थर. मध्ये बाबांचं धोतर. त्यावर लवकरच एक तान्हं मूल झोपणार.

घरात एकदम शांतता पसरली. बायको टोमणा मारेल म्हणून मी वाट बघत होतो. तिनं मारला नाही, आणि त्यानं मी जास्तच घाबरलो. तिघांनी मिळून इंच न् इंच चाचपला. मग फ्रिजवरचं शिकाऱ्याचं चुंबक, काश्मीरच्या सहलीतून आणलेलं, ते दुपट्यावरून फिरवलं. ते फ्रिजलाच जेमतेम धरून असतं. मी जमिनीवर पालथा पडून सोफ्याखाली बॅटरी मारली. दोन वर्षांपूर्वी हरवलेला माझा जुना चष्मा सापडला. सुई नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ न करताच मी दुपटं पिशवीत घातलं आणि जवळच्या मॉलकडं निघालो. दारात यंत्र घेऊन उभा असतो ना माणूस, अंगावरून फिरवायला. धातू असेल तर वाजतं. रात्री दोन वाजता सुचलं होतं.

"काका, पिशवीत काय आहे?" दारावरच्यानं विचारलं.

"दुपटं."

"बरं. जा आत."

"नाही, तपासा ना."

"दुपटंच आहे ना?"

"त्यात सुई आहे का ते बघायचंय."

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. माणूस साताऱ्याकडचा वाटत होता, चाळिशीचा. मागं रांग वाढत होती. मी भराभरा सगळं सांगितलं: सातवा महिना, लुगडं, ७२ ओळी, दहा सुया, नऊ सुया. रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "अहो, बघा की मग, लेकराचं काम आहे." तेव्हा त्यानं टेबलावरची वही-पेन बाजूला केली, दुपटं पसरलं आणि यंत्र अगदी कापडाला टेकवून शिवणीच्या ओळीनं फिरवायला लागला. एक ओळ, दुसरी ओळ. रांगेनं श्वास धरला. यंत्र मुकं. उलटं करून फिरवलं. मुकं.

"नाही काका यात काही."

मला हायसं वाटलं. मी पिशवी उचलली, आणि त्यानं हाताच्या सवयीनं यंत्र माझ्या अंगावरून फिरवलं.

पीं.

"किल्ल्या?" किल्ल्या टेबलावर होत्या. पट्टा नव्हता, लेंग्याला नाडी. यंत्र पुन्हा छातीशी आणलं. पीं. त्यानं वाकून माझ्या कुर्त्याच्या बटणपट्टीची आतली बाजू उलगडली आणि दोन बोटांच्या चिमटीत सुई वर धरली. पट्टीत टोचून ठेवली होती मी, नंतर घेऊ म्हणून. शिवायला बसायचा माझा तोच एक कुर्ता, आणि गेले दोन दिवस तो माझ्या अंगावरून उतरला नव्हता.

"काका," तो म्हणाला, "दोरा पण ओवलेला आहे की."

रांगेतले सगळे हसले. मीही हसलो असतो, पण मला खरोखर आनंद झाला होता. ओवलेली सुई! तिच्यामागं किती मिनिटं गेली असतील ते माझं मला माहीत.

बाळ झालं. मुलगी. पाच दिवसांनी दोघी घरी आल्या. ट्रंकेतल्या जुन्या मऊ कपड्यांची दुपटी, झबली, लाळेरी, ताईनं पाठवलेली रेशमी कुंची, मावशीनं मण्यांचं केलेलं पाळण्यावरचं चिमणाळं, असा सगळा बाळंतविडा मांडून ठेवला होता, आणि माझं दुपटं मी सहज ठेवल्यासारखं सगळ्यांत वर ठेवलं होतं. ३६ इंचांचं शेवटी ३४ भरलं. ओळी दुरून सरळ दिसतात. जवळ गेलं की त्यांना स्वभाव आहे हे कळतं. दंडाची शिवण मधून गेलेली, तिच्या शेजारी माझे टाके म्हणजे गवयाच्या मागं बसलेला तंबोऱ्यावरचा शिकाऊ पोरगा.

बारशाची वाट न बघता मुलीनं बाळाला त्यावर ठेवलं. मी फोन काढला, उजेड नीट येईल अशी जागा बघितली, कोन साधला. तेवढ्यात बाळानं आपला अभिप्राय दिला. दुपट्याच्या मधोमध, तिन्ही थरांच्या आरपार.

"बदल गं," बायको म्हणाली. दुपटं बादलीत गेलं, दहा मिनिटांनी पिळून गॅलरीतल्या दोरीवर आलं. चार चिमटे लावून ती आत गेली. मी जाऊन ते चिमटे काढले आणि चांगली बाजू रस्त्याकडं येईल असं पुन्हा लावलं. समोरच्या इमारतीतल्या काकू गॅलरीत तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी पाहिल्यासारखं वाटलं.

आतून मुलीची हाक आली, "बाबा, हे दुसरंही ओलं झालं. अजून दुपटी आहेत का रे?"

"किती लागतात?" मी विचारलं.

"डझनभर तरी पाहिजेतच," बायको म्हणाली.

मी रजिस्टर काढलं. उसवण्यासकट एका दुपट्याला ४१ दिवस लागले होते. बाराचे ४९२. म्हणजे शेवटचं दुपटं तयार होईल तेव्हा मालकीण ते स्वतः ओढत स्वयंपाकघरापर्यंत नेईल. हिशेब दोनदा तपासला. तेवढंच आलं. मान वर केली तर बायको समोर उभी, हातात तिची जुनी सुती साडी, गुलबक्षी, आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याची. तिनं ती माझ्या मांडीवर टाकली.

"चीर मी देते," ती म्हणाली. "तुम्ही टरकावा."